सिरिलचा वाढदिवस

१

हॉलंडच्या पूर्वेला, आख्टरहुकातल्या त्या गावात घराला पुढचं दार असतं ते पाद्रीबुवांसाठी आणि विमा एजंटासाठी. ओळखीचं माणूस मागून येतं. फाटक ढकलायचं, कोंबड्या चुकवायच्या, दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यावर पाय घासायचे आणि "आहात का घरात?" म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरायचं. पुढची बेल वाजली की घरातले आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

डिनी वासिंक उभी हयात या गावची परिचारिका होती. सायकलवर बॅग अडकवून ती घरोघरच्या मागच्या दारांतून शिरली होती. कुणाचा कुत्रा चावरा आहे आणि कुणाचा म्हातारा, हे तिला पाठ होतं. निवृत्त झाल्यावर हातांना काम हवं म्हणून तिने एक कबर दत्तक घेतली.

चर्चमागच्या दफनभूमीत एका ओळीत सात पांढरे दगड आहेत. युद्धात एक बॉम्बफेकी विमान बीटाच्या शेतात कोसळलं, त्यातली सहा पोरं तिथे पुरलेली. गावातल्या सहा घरांनी ती केव्हाच वाटून घेतली होती. दगड धुवायचा, फुलं ठेवायची, पोराचं गाव आणि आईबाप शोधायचे, फोटो मिळवून तो आपल्या नातवंडांच्या फोटोंशेजारी मांडायचा. सातव्या दगडाखालचा मात्र त्यांच्यातला नव्हता. तो त्याच रात्री दुसऱ्याच कुठल्यातरी विमानातून पडला होता आणि पुढच्या वसंतात नदीने त्याला काठावर आणून टाकलं होतं. ओळख पटण्यासारखं काही उरलं नव्हतं. दगडावर नाव नव्हतं, फक्त 'एक वायुसैनिक' एवढंच होतं. फोटो नाही, वाढदिवस नाही, असला पाहुणा कोणाला नको होता. डिनीने घेतला.

"घे, घे," तिचा नवरा बेरेंड म्हणाला. "नाव सांगून डोकं खाणारे पाहुणे आपल्याकडे कमी का आहेत? एक बिननावाचा असू दे."

तेव्हापासून शनिवार सकाळ ठरलेली. बादली, मऊ ब्रश, साधं पाणी. दगड धुताना ती त्याच्याशी बोलायची, जशी पूर्वी अंथरुणाला खिळलेल्या माणसांशी बोलायची. उत्तराची अपेक्षा न ठेवता बोलायची तिला सवयच होती.

२

पण बिननावाचं तिला करमेना. ती हात धुऊन त्याच्या मागे लागली. त्या रात्रीच्या हरवलेल्यांमध्ये तीन जण उरत होते. तिघेही सार्जंट, तिघेही विशीतले, तिघांचेही केस फिके. नदीने दिलेल्या पोराबद्दलही तेवढंच माहीत होतं. एक वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा, त्याच्या घरचं कोणी शिल्लक नव्हतं. एक कॅनडातल्या अनाथालयात वाढलेला एल्विन, त्याचं घरच नव्हतं. तिसरा सिरिल थ्वेट, यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या एका गावचा, विमानाच्या शेपटीत बसणारा गनर. त्याची धाकटी बहीण एनिड अजून जिवंत होती, त्याच घरात राहत होती.

डिनीने तिला फोन केला.

"आमच्या आईने मरेपर्यंत त्याच्या खोलीतली चादर दर सोमवारी बदलली," एनिड म्हणाल्या. त्यांचा आवाज पंच्याऐंशीचा वाटत नव्हता. "आता मी बदलते. वेडेपणा आहे, कळतं मला. पण कुठे पुरलाय ते ठाऊक नसलेल्या माणसाची वाट बघणं थांबवायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नाही."

फोन ठेवला तेव्हा डिनीचं ठरलं होतं. या बाईची वाट बघणं संपवायचं.

शेजारच्या कबरीचा पालक हार्म हा गावचा निवृत्त भूमापक. त्याला अर्धा सेंटिमीटर इकडचा तिकडे झालेला खपत नसे. तो म्हणाला, "डिनी, तू पुरावा नाही शोधलास. तू नातेवाईक शोधलास. ज्याचं कोणीतरी उरलंय तो निवडलास."

"मग काय ज्याचं कोणी नाही त्याला निवडू? सांगू कोणाला?"

"मी म्हणतो, निवडूच नकोस."

युद्धातल्या कबरींचं बघणाऱ्या इंग्लंडातल्या ऑफिसनेही तेच कळवलं, जरा गोड भाषेत. दगडावर नाव कोरता येणार नाही. डिनीने कागद चुलीत घातला. दगडाचं ऑफिस बघेल, घरातलं आपण बघू! तिने सिरिलचा फोटो कपाटावर मांडला आणि तिकडच्या रीतीप्रमाणे संडासाच्या दाराआड टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर, बेरेंडची बहीण आणि धाकटा नातू यांच्यामध्ये, ऑक्टोबरात त्याचं नाव लिहिलं. त्या कॅलेंडरवर चढलं की माणूस घरचं झालं.

३

कबर घेतल्यापासून शनिवारी पुढची बेल वाजायची. डिनी दफनभूमीतून आली, हातपाय धुतले, कॉफी ठेवली की एकदाच, आखूड, भीत भीत दाबल्यासारखी. दार उघडलं की कोणी नाही. बेरेंडने बॅटरी बदलली, मग वायर बदलली, मग अख्खी बेल बदलली. नवी बेलही वाजायची.

ऑक्टोबरात सिरिलच्या वाढदिवसाला डिनीने सफरचंदाचा केक केला आणि दुपारी फुलं घेऊन कबरीवर गेली. वारा होता, फुलं बसत नव्हती. ती गमतीने म्हणाली, "काय रे सिरिल, पुढची बेल तू वाजवतोस का? घरचा आहेस ना आता? मग मागून येत जा."

त्या दिवसापासून बेल बंद झाली. "बघ," बेरेंड म्हणाला, "शेवटी वायरच होती." वायर बदलल्याला चार महिने झाले होते, पण नवऱ्याच्या हाताला यश येऊ द्यावं, म्हणून डिनी गप्प बसली.

पुढच्या शनिवारी ती बटाटे सोलत होती. फाटक वाजलं. खडीवर पावलं आली. दारात थांबली. मग पायपुसण्यावर पाय घासल्याचा आवाज आला, आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. कोणीतरी फार मन लावून पाय पुसत होतं.

"विलेमीन, पुरे झालं गं, ये आत!" तिने शेजारणीला हाक मारली.

आवाज थांबला. कोणी आलं नाही. डिनीने दार उघडलं तर अंगणात फक्त कोंबड्या, त्याही सगळ्या लांब कुंपणाशी जाऊन बसलेल्या.

वारा, ती स्वतःला म्हणाली. मग म्हणाली, वारा पाय पुसत नाही. मग म्हणाली, कान. या वयात कानांना काय काय ऐकू येतं, हे तिने स्वतः किती म्हाताऱ्यांना समजावलं होतं. पण त्या सगळ्यांना ते एकेकट्यालाच ऐकू यायचं. पुढच्या शनिवारी बेरेंडनेही वर्तमानपत्रातून डोकं न काढता ओरडून सांगितलं, "दार उघडंच आहे, विलेमीन!"

पाय पुसणं चालूच राहिलं. बेरेंडने चष्मा खाली केला.

"तुझा पोरगा दिसतोय," तो म्हणाला. "वळण बरं आहे. आपला योहान सबंध जन्मात कधी पाय पुसून आला नाही."

डिनी हसली. मग दाराकडे बघत राहिली.

४

हिवाळाभर ते शनिवारी येत राहिलं. माणसाला कशाचीही सवय होते, आणि डिनीला तर झालीच. खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं. सिरिलच आहे, असं तिला वाटे, आणि मग वाटे, म्हणजे आपण चुकलो नाही. ती तर्क लढवायची, तर्क तिच्या बाजूचा व्हायचा, आणि असा तर्क फार सोपा पडतो हे ती विसरायची.

फेब्रुवारीत एकदा पाय पुसणं सुरू असताना बेरेंड तिला दंडाला धरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी घेऊन गेला. तिथून दाराची पायरी सरळ दिसते. दोघे उभे राहिले. पायरीवर कोणी नव्हतं. पण पायपुसण्याचे ताठ काथे दाबले जात होते. पाऊलभर जागा खाली जायची, पुढे सरकायची, मागे सरकायची, मग काथे हळूच उभे राहायचे आणि शेजारची जागा दबायची. निघत होता तो काळा गाळ होता, नदीकाठचा, ओला. अंगणात त्या दिवशी बर्फ होतं, दगडासारखं कोरडं.

बराच वेळ ते चाललं. संपलं तेव्हा बेरेंडने पायपुसणं उचललं, नळीखाली धरलं आणि पाणी मारत राहिला. पाणी काळंच येत होतं.

"डिनी," तो म्हणाला, "त्याला आत ये म्हणू नकोस."

"कोणाला?"

"मी काहीच म्हणत नाहीये. फक्त तू म्हणू नकोस."

"पोरगं घरचं आहे, बेरेंड. त्याची बहीण येणार आहे ऑक्टोबरात."

"म्हणूनच," बेरेंड म्हणाला. "इतके दिवस पुसतोय, तरी पाय काही स्वच्छ होत नाहीत त्याचे. का, ते मला कळत नाही. तुला कळतंय?"

जेवताना दोघांनीही दाराकडे पाठ होणार नाही अशा खुर्च्या घेतल्या.

५

सप्टेंबरात हार्म आला. मागूनच आला, पण पाय न पुसता, पायपुसणं ओलांडून.

"तुझं पायपुसणं सडलंय," तो म्हणाला. मग कॉफीत चमचा फिरवत बसला. साखर तो घेत नसे. "त्या कॅनडावाल्याचं थोडं कळलंय. एल्विनचं. ऐकणार आहेस?"

"नाही."

"त्या अनाथालयात पोरांचे वाढदिवस लिहिलेलेच नसायचे. सगळ्यांना एकच, एक जानेवारी. आणि दर रविवारी पोरांना रांगेत उभं करायचे, कोणाला न्यायचं असेल तर न्यावं म्हणून. हा सोळा वर्षांचा होईतो उभा राहिला. कोणी नेला नाही."

"हार्म, एनिडबाईंचं तिकीट काढून झालंय."

"अगं, मी कुठे म्हणतो तिकीट रद्द कर."

"मग काय म्हणतोस?"

"मी मोजमाप करणारा माणूस. मला फक्त एवढंच दिसतं की दगड एक आहे आणि पोरं तीन." त्याने कप ठेवला. "आणि तू एकाच्या नावाने हाका मारतेस. मी जर त्या दुसऱ्यांतला असतो आणि इतकी वर्षं कोणी कुठल्याच नावाने हाक मारली नसती, तर मी त्या नावाला ओ दिली असती."

डिनी उठली आणि कपबशा विसळायला लागली. हार्मची अजून अर्धी कॉफी होती, तीही तिने ओतून दिली. हार्म काय ते समजला आणि गेला.

६

एनिड थ्वेट आल्या त्या तपकिरी कोट आणि काठी घेऊन, आणि दगडापुढे फार वेळ उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. दगडाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बरी जागा आहे." डिनीला वाटलं, आपण जगात येऊन एक तरी काम धड केलं.

दुपारी वाढदिवस. रीतीप्रमाणे खुर्च्या गोल मांडलेल्या, मध्ये कॉफी आणि केक. शेजारीपाजारी मागून येत होते आणि प्रत्येक जण प्रत्येकाचा हात हातात घेऊन अभिनंदन करत होता. वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्या घराचं करायचं असतं.

"भावाच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन, एनिडबाई!"

"भावाबद्दल अभिनंदन!"

एनिड आधी चकित झाल्या, मग हसायला लागल्या. "शाळेत होते तेव्हापासून त्याच्याबद्दल माझं कोणी अभिनंदन केलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि आता मात्र त्यांचे डोळे भरले. विलेमीनने त्यांच्या ताटलीत केकचा दुसरा तुकडा सारला. एकाला एकच तुकडा, हा नियम तिने स्वतः कधी मोडला नव्हता.

हार्मची बायको सर्दीने आली नव्हती, म्हणून एनिडच्या डावीकडची खुर्ची रिकामी राहिली होती.

फाटक वाजलं. शनिवार नव्हता, मंगळवार होता. खडीवर पावलं आली आणि दारात पाय पुसले जाऊ लागले. गप्पा चालूच होत्या. एकदोघांनी कोण आलं म्हणून दाराकडे बघितलं. बेरेंडने गोलाच्या पलीकडून डिनीकडे पाहिलं आणि मान हलवली, अगदी थोडी. नको.

डिनीने एनिडकडे पाहिलं. त्या रुमालाने डोळे टिपत होत्या, गाल लाल झाले होते. सगळं आयुष्य एका माणसाची वाट बघितलेली बाई. आणि तो दारात उभा. त्याला बाहेर ठेवायचं?

"सिरिल," डिनी मोठ्याने म्हणाली. "ये, आत ये."

सगळे हसले. वाढदिवसाची गंमत, असं त्यांना वाटलं. बेरेंड हसला नाही. दार उघडलं, गार वारा आला, नदीच्या गाळाचा वास आला. "कोणीतरी लावा रे ते!" असं कोणीतरी म्हणालं, आणि कोणीतरी लावलं.

हार्म कप घेऊन रिकाम्या खुर्चीकडे वळला, तर एनिडने हात आडवा केला. "इथे बसलंय कोणी," त्या म्हणाल्या. हार्मने खुर्चीकडे पाहिलं, मग तो भिंतीला टेकून उभा राहिला.

डिनीला खुर्ची रिकामीच दिसत होती. पण कोपऱ्यातला टीव्ही बंद होता आणि त्याच्या काळ्या काचेत सगळा गोल दिसत होता: विलेमीनच्या केसांचा पांढरा अंबाडा, बेरेंडचा चष्मा, एनिडचा कोट. काचेतल्या गोलात एकही खुर्ची रिकामी नव्हती. एनिडच्या डावीकडे कोणीतरी दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये घेऊन, मान खाली घालून बसलं होतं, जसं माणूस पहिल्यांदा कोणाच्या घरी बसतं. चेहरा दिसत नव्हता. डिनीने तो दिसायची वाट पाहिली नाही. ती केकचं ताट घेऊन टीव्हीपुढे जाऊन उभी राहिली.

एनिड त्या खुर्चीकडे वाकून हळू काहीतरी बोलत होत्या. मग त्यांनी डिनीला खूण केली. डिनी वाकली.

"डिनी," त्या कुजबुजल्या, "हा मुलगा कोण?"

डिनीने हातातलं ताट टेबलावर ठेवलं.

"तो म्हणतो, मी सिरिल," एनिड म्हणाल्या.

"आणि... नाही का?"

"मी दहा वर्षांची होते, डिनी. आंधळी नव्हते." त्यांनी रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "पण इतक्या आशेने बघतोय गं. मला नाही म्हणवेना. मी म्हटलं, हो रे बाबा. तूच."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. एनिड मागच्या सीटवर बसल्या आणि मग, कोणीही काही न म्हणता, पलीकडे सरकल्या. त्यांनी दार जरा वेळ उघडंच ठेवायला सांगितलं. बेरेंडने बॅग डिकीत ठेवली, दार लावलं आणि टॅक्सी वळणाआड जाईपर्यंत तो फाटकाला धरून उभा होता.

त्या शनिवारी कोणी पाय पुसले नाहीत. पुढच्याही नाही. बेरेंडने नवं पायपुसणं आणलं, ते कोरडं राहिलं. डिनी दगड धुवायला जात राहिली, पण बोलायचं बंद झालं. कोणत्या नावाने बोलायचं, ते तिला कळेना. सिरिल कुठेतरी नदीच्या तळाशी होता, किंवा शेतात, किंवा कुठेच नव्हता, आणि त्याचा वाढदिवस तिने दुसऱ्याला दिला होता. हार्मपुढे ती हे कबूल करणार नव्हती. बेरेंडपुढे केलं. तो म्हणाला, "तू चांगल्या मनाने केलंस," आणि ते ऐकून तिला आणखीच वाईट वाटलं.

नाताळ व्हायच्या आधी एका रविवारी दुपारी एनिडचा फोन आला.

"सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. आवाज आता त्यांच्या वयाचा झाला होता. "वरच्या खोलीत राहतो. त्रास काही नाही. चादर ओली होते, ती मी रोज बदलते. बोलतो फार थोडं, पण मी कुठे जाते, कधी येते, यावर लक्ष असतं. काळजीच करतो म्हण ना."

"एनिडबाई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"हो गं. फक्त..." त्यांनी आवाज उतरवला. "आठवडा झाला, गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी शीळ घालतं. दोन आखूड, एक लांब. सिरिल शाळेतून येताना अशीच घालायचा, मी फाटक उघडावं म्हणून. ते फाटक जड होतं आणि त्याचे हात नेहमी भरलेले."

डिनी खुर्चीत सरळ बसली.

"मी उठले की हा म्हणतो, बस, वारा आहे. उघडू नकोस. फार ठामपणे सांगतो." एनिड थोडं हसल्या. "पण वाऱ्याला माझं फाटक कसं माहीत, डिनी?"

"उघडा," डिनी म्हणाली. "एनिडबाई, आत्ता जा. आत्ता जाऊन फाटक उघडा."

"जाऊ म्हणतेस?"

"जा!"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. मग काठी, पाऊल, काठी, पाऊल, लाकडी जमिनीवरून लांब जाणारं. डिनी रिसीव्हर कानाशी दाबून ऐकत होती. फार लांबून, घराबाहेरून, तिला शीळ ऐकू आली. दोन आखूड आणि एक लांब.

काठी थांबली. पुन्हा वाजली नाही, आणि दार उघडल्याचाही आवाज आला नाही.

मग दुसरीकडून पावलं आली, हलकी आणि तरुण, घाई नसलेली. रिसीव्हर उचलला गेला. कोणीतरी ओला श्वास घेतला.

"काकू," तो फार अदबीने म्हणाला, "एनिडला आता कोणाची वाट बघायची नाहीये."

आणि त्याने फोन ठेवला, अगदी हळू, आवाज न करता.